घटक ४ : राजर्षी शाहू छत्रपती आणि पाहणाऱ्यांची जागा

४.१ प्रस्तावना



मागील घटकात आपण नाट्यसंहितेचा विचार केला. या घटकात नाटक जिथे घडते आणि जिथे बसून ते पाहिले जाते त्या जागेचा विचार करायचा आहे. त्यासाठी वास्तुशास्त्राच्या ग्रंथापेक्षा एका माणसाचे चरित्र आपल्याला अधिक उपयोगी पडेल. हा माणूस नाटककार नव्हता, नटही नव्हता. तो करवीर संस्थानचा राजा होता.

हा घटक मी मालवण तालुक्यातील ज्या गावात बसून लिहीत आहे, त्याचे नाव कट्टा. भाषेच्या अभ्यासकाला हे नाव सुखावणारे आहे. कट्टा म्हणजे बसण्यासाठी बांधलेला ओटा. कन्नडमध्ये ‘कट्टे’ हा शब्द याच अर्थाने वापरतात आणि ‘कट्टु’ या धातूचा अर्थ बांधणे असा होतो. कट्ट्यावर एकटा बसलेला माणूस वाट पाहत असतो. चौघे बसले की गप्पा सुरू होतात. आणि पन्नास माणसे बसली की त्यांच्यासमोर काहीतरी घडावे अशी अपेक्षा निर्माण होते. जगातील नाट्यगृहांचा इतिहास या तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो.

आपल्या भागात ही पायरी तुम्ही अनेकदा पाहिली असेल. जत्रेच्या रात्री देवळासमोर किंवा सभामंडपात दशावतार उभा राहतो. मागे पडदा, पुढे एक बाकडे, बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत राजसभा, अरण्य आणि रणांगण साकार होते. बाकड्यावर बसला की नट राजा होतो आणि प्रेक्षक ते मान्य करतो. मात्र प्रेक्षक कोठे बसला, पुढे की मागे, चटईवर की गडग्यावर, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या घटकात तोच विचारायचा आहे.

४.२ पाहण्याची जागा : ग्रीस, रोम आणि भरतमुनी

‘थिएटर’ हा शब्द ग्रीक ‘थिआट्रॉन’पासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ पाहण्याची जागा. संस्कृतातील ‘प्रेक्षागृह’ या शब्दाचाही अर्थ पाहण्याचे घर असाच आहे. दोन दूरच्या संस्कृतींनी नाटकाच्या वास्तूला नटावरून नव्हे, तर प्रेक्षकावरून नाव दिले, हे ध्यानात ठेवा.

ग्रीकांचे थिआट्रॉन डोंगराच्या उतारावर असे. अथेन्समधील डायोनिससचे नाट्यगृह ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, त्या देवाच्या मंदिराला लागून होते. देवाच्या उत्सवात, देवळाशेजारी, उघड्यावर नाटक हा संबंध दशावतार पाहणाऱ्याला परका वाटणार नाही. उताराच्या पायथ्याशी वर्तुळाकार मोकळी जागा असे. तिला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत आणि तेथे गायकवृंद नाचत-गात असे. तिच्यामागे नटांनी वेष बदलावा म्हणून उभारलेली ‘स्केने’ म्हणजे मूळची झोपडी किंवा तंबू. आजचा ‘सीन’ हा शब्द तिच्यापासून आला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील एपिडॉरसच्या नाट्यगृहात ५५ रांगा आहेत आणि सुमारे १४ हजार माणसे बसू शकतात. तेथे ऑर्केस्ट्रामध्ये उच्चारलेला शब्द फार वरच्या रांगांपर्यंत पोहोचतो, अशी त्याची ख्याती आहे.

रोमनांनी या रचनेत मूलभूत बदल केला. कमानी आणि काँक्रीट यांच्या बळावर त्यांनी सपाट जमिनीवर उतार उभा केला. डोंगराची गरज संपली आणि नाट्यगृह शहराच्या मध्यभागी आले. रोममधील पहिले कायम दगडी नाट्यगृह पाँपेने इसवी सनापूर्वी ५५ मध्ये बांधले. नाट्यगृहाचे अर्धवर्तुळ दोन्ही बाजूंनी पूर्ण केले की ‘ॲम्फिथिएटर’ तयार होते. इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसने खुले केलेले कलोझियम हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याची लांबी सुमारे १८९ मीटर, रुंदी सुमारे १५६ मीटर आणि तळमजल्यावर ८० कमानी. बहुतेक कमानींवर क्रमांक कोरलेले होते, त्यामुळे हजारोंचा समुदाय गोंधळ न होता आत-बाहेर करू शकत असे. आजच्या क्रीडागारांचा आराखडा याच वास्तूचा वंशज आहे.

पण या वास्तूची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मध्यभागी ग्लॅडिएटर एकमेकांचे आणि श्वापदांचे रक्त सांडत. भोवतीची बैठक दर्जानुसार वाटलेली असे : पुढे सिनेटर, त्यामागे धनिक, मग सामान्य नागरिक, आणि अगदी वर स्त्रिया व दास. पाहण्याची जागा ही समाजातील जागेची दगडात कोरलेली प्रत होती.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे आकार सांगितले. माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद नाट्यगृह योग्य मानले. याहून मोठ्या मंडपात आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरील भाव दिसत नाहीत, असे त्यामागचे कारण आहे. ग्रीकांचे हजारोंचे नाट्यगृह आणि भरताचे काहीशेंचे प्रेक्षागृह हे दोन वेगळे आदर्श आहेत. एकात समुदाय मोठा, तर दुसऱ्यात भाव सूक्ष्म. आपल्या चरित्रनायकाने हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभारले.

४.३ कागल ते करवीर

कट्ट्याहून कणकवली गाठून फोंडा घाट चढला की दाजीपूरचे जंगल लागते. पुढे राधानगरी येते आणि तेथून कोल्हापूर. या वाटेवर भोगावती नदीवरील जे धरण दिसते, त्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ज्या राजाने हाती घेतले, त्याचे हे चरित्र आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई लहानपणीच गेली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा १८८३ च्या अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना मृत्यू झाला. १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षात असताना, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

धिप्पाड बांध्याच्या या तरुण राजाला शिकारीचा, घोड्यांचा आणि कुस्तीचा नाद होता. त्यांनी स्वतः कुस्तीची मेहनत केली होती आणि मल्लांना आश्रय दिला होता. संगीताचीही जाण होती. उस्ताद अल्लादियाखाँ त्यांच्या दरबारात होते. पण राज्याचा कारभार पाहू लागताच त्यांना दिसले ते आसनव्यवस्थेचे एक विषम चित्र. संस्थानातील महत्त्वाच्या ७१ पदांपैकी ६० पदांवर एकाच जातीचे अधिकारी होते. राज्य ज्यांच्या श्रमावर चालत होते ते कचेरीच्या दाराबाहेर उभे होते.

१८९९ मध्ये सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात हा अनुभव त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला. राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त मंत्रांनी होणार की पुराणोक्त, हा वरवर विधीचा प्रश्न होता. आत मात्र तो कोणाला काय ऐकण्याचा अधिकार आहे, असा होता. राजाला नाकारली गेलेली गोष्ट रयतेला किती पटींनी नाकारली जात असेल, हे समजण्यास त्यांना हे प्रकरण पुरेसे होते. १९०१ मध्ये कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची सुरुवात झाली आणि पुढील काळात वेगवेगळ्या समाजांसाठी अशी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात शिकण्यासाठी आधी झोपण्याची व जेवण्याची जागा लागते, हे साधे सत्य त्यांनी ओळखले होते.

४.४ १९०२ : एक आदेश आणि एक प्रवास

१९०२ हे वर्ष या चरित्राच्या मध्यभागी आहे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. समारंभ २६ जूनला व्हायचा होता. पण राजाच्या आजारपणामुळे तो ९ ऑगस्टपर्यंत लांबला. या दोन तारखांच्या मध्ये, २६ जुलै १९०२ रोजी, महाराज परदेशात असतानाच करवीर दरबाराच्या गॅझेटमध्ये एक आदेश प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांसाठी राखल्या जाव्यात, असे त्यात म्हटले होते. ‘जागा’ हा शब्द येथे थांबून पाहण्यासारखा आहे. मराठीत नोकरीलाही जागा म्हणतात आणि बसायच्या ठिकाणालाही जागा म्हणतात. महाराजांच्या कार्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले.

याच प्रवासात त्यांनी इटलीतील रोम शहर आणि तेथील कलोझियम पाहिले. अठरा शतकांपूर्वीची, अर्धी पडलेली ती वास्तू. तेथे उभे राहिल्यावर कोणालाही दोन गोष्टी जाणवतात. पहिली म्हणजे कुठूनही मध्यबिंदू दिसतो. दुसरी म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाला समोरचा प्रेक्षकही दिसतो. समुदाय स्वतःलाच पाहतो. कोल्हापुरात परतल्यावर महाराजांनी या वास्तूचा जो उपयोग केला, त्यावरून त्यांनी तेथून काय घेतले आणि काय सोडले हे समजते.

४.५ खासबाग आणि पॅलेस थिएटर

कोल्हापुरात कुस्ती लोकप्रिय होती, पण सपाट मैदानावरची कुस्ती मागच्याला दिसत नाही. पुढचा उभा राहिला की मागच्याच्या वाट्याला फक्त आरोळ्या येतात. खासबाग मैदान हे या अडचणीला दिलेले उत्तर होते. १९१२ मध्ये ते तयार झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा, त्याभोवती वर्तुळाकार चढत गेलेली बैठक आणि बाहेरून दगडी भिंत. मैदानात हजारो माणसे बसतात आणि शेवटच्या माणसालाही मल्लाचा डाव दिसतो.

रचनेचे तत्त्व रोमचे आहे. वास्तूचा आत्मा मात्र वेगळा आहे. येथे मरण पाहण्यासाठी कोणी जमत नाही. हौद्यात उतरणारा मल्ल आधी माती कपाळाला लावतो आणि हरलेला उठून जिंकलेल्याशी हात मिळवतो. बैठक बहुतांशी मोकळी आहे. तिच्यावर दर्जाच्या रांगा कोरलेल्या नाहीत. शेतकरी, हमाल, कारागीर आणि सरदार एकाच उतारावर बसून एकच डाव पाहू शकतात. महाराजांनी कमानींची भव्यता आणली नाही, उतार आणला. रोमच्या वास्तूतील सर्वांत उपयुक्त गोष्ट तीच होती.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे एक शब्द टिपून ठेवावा : ‘रंग’. आज रंगभूमी म्हटले की नाटक आठवते. पण संस्कृतात रंग हा शब्द मल्लयुद्धाच्या मैदानासाठीही वापरला जातो. कंसाच्या मथुरेत कृष्णाने चाणूराशी कुस्ती केली तीही रंगातच. आखाडा आणि नाट्यगृह यांना एकच शब्द पुरत होता, कारण दोन्ही ठिकाणी मूळ घटना एकच होती : काही जण करतात आणि पुष्कळ जण पाहतात.

महाराजांनी हे नाते प्रत्यक्ष जमिनीवर आणले. खासबागेला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभे राहिले. त्या काळी संगीत नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि जिथे मिळेल तिथे, अनेकदा तात्पुरत्या मांडवात प्रयोग करत. अशा काळात संस्थानच्या राजधानीत दगडी भिंतींचे, प्रशस्त रंगमंचाचे कायम नाट्यगृह मिळणे ही मोठी गोष्ट होती. त्याच्या मागील अंगाला खासबागेकडे तोंड असलेले व्यासपीठ होते. एकाच परिसरात बंदिस्त प्रेक्षागृह आणि उघडे मैदान. भरताचा सूक्ष्म भाव आणि ग्रीकांचा विराट समुदाय यांची ही शेजारनिवड होती.

याच मातीतला एक गायक-नट महाराजांच्या आश्रयाने मोठा झाला. केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. १९०८ मध्ये त्यांनी हुबळी येथे ललितकलादर्श ही मंडळी स्थापन केली. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात त्यांचा आवाज प्रेक्षागृह भरून टाकत असे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह त्यांनी केलेला संयुक्त मानापमानाचा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे पॅलेस थिएटरला त्यांचे नाव देण्यात आले. राजाच्या महालावरून पडलेले नाव जाऊन नटाचे नाव येणे, हे या वास्तूला शोभणारे होते.

४.६ एकाच बाकावर

खासबाग आणि पॅलेस थिएटर यांच्याकडे राजाची हौस म्हणून पाहता येईल. पण त्याच वर्षांतील इतर निर्णय शेजारी ठेवले की एक संगती दिसते. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यात आले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. १९१९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा आदेश निघाला. सार्वजनिक विहिरी, दवाखाने आणि कचेऱ्या सर्वांना खुल्या करण्याचे हुकूम झाले. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले तेव्हा तेथे गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

शाळेचा बाक, विहिरीचा काठ, चहाच्या दुकानातील फळी आणि मैदानाची बैठक या सर्व बसण्या-उठण्याच्या जागा आहेत. जातिव्यवस्था ग्रंथात सांगितली जाते, पण ती रोज पाळली जाते ती अशा जागांवर. म्हणून तिला धक्काही अशाच जागांवर द्यावा लागतो. कायदा आणि वास्तू ही एकाच विचाराची दोन साधने या राजाने वापरली, असे म्हणण्यास आधार आहे.

त्याच वेळी अभ्यासकाने चरित्राला आरतीचे रूप देऊ नये. वास्तू आपोआप समता आणत नाही. हुकूम निघाला तरी तो खाली पोहोचण्यास वेळ लागतो आणि विरोधही होतो. महाराजांना तो आयुष्यभर झाला. कुस्तीच्या मैदानात स्त्री-प्रेक्षकांचे प्रमाण कितीतरी काळ नगण्य राहिले. एकाच उतारावर बसलेली माणसे घरी जाऊन एकाच पंगतीला बसली असतील असे नाही. तरीही काही तास सर्वांनी एकत्र बसून एकच गोष्ट पाहिली, हा अनुभव पुसला जात नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय अठ्ठेचाळीसही नव्हते.

४.७ वारसा आणि राख

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच आणि आतील लाकूडकाम जळून गेले. खासबागेकडील व्यासपीठालाही झळ बसली. दगडी भिंती उभ्या राहिल्या. बाहेर जमलेल्या नटांच्या, तंत्रज्ञांच्या आणि सामान्य रसिकांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

या प्रसंगाने वारशाचा प्रश्न उघड झाला. ग्रीक आणि रोमन नाट्यगृहांचेही बहुतेक लाकूड, पडदे आणि रंग काळाने नेले. उरली ती दगडी बैठक. म्हणजे नट गेले, प्रेक्षकांची जागा राहिली. एपिडॉरसच्या त्या दगडांवर बसून आजही उन्हाळ्यात लोक नाटक पाहतात. वास्तूचा वारसा तिच्या वयावर टिकत नाही. तेथे पुन्हा माणसे येऊन बसतात की नाही, यावर तो टिकतो. कोल्हापूरचे नाट्यगृह हुबेहूब पूर्वीसारखे उभे करणे आवश्यकच आहे. पण तेथील तिकीट कोणाला परवडते, खेड्यातील हौशी संघाला तेथे तारीख मिळते का, वृद्ध व अपंग प्रेक्षक आत सहज जाऊ शकतो का, हे प्रश्न विचारल्याशिवाय मूळ बांधणाऱ्याचा विचार पुन्हा उभा राहणार नाही.

तुम्ही नोकरी, शेती, मासेमारी किंवा घर सांभाळून शिकत आहात. तुमच्यापैकी अनेकांना योग्य वयात महाविद्यालयाच्या बाकावर जागा मिळाली नाही. त्यामुळे हे चरित्र तुम्हाला इतरांपेक्षा जवळून कळेल, असे मला वाटते. बसायला जागा मिळणे म्हणजे काय, हे ज्याला उभे राहावे लागले तोच नीट सांगू शकतो.

४.८ सारांश

ग्रीकांनी डोंगराच्या उतारावर पाहण्याची जागा घडवली. रोमनांनी तो उतार सपाट शहरात आणला, पण बैठकीत दर्जाची उतरंड कायम ठेवली. भरताने आवाज आणि भाव यांना अनुरूप असे मर्यादित प्रेक्षागृह सांगितले. राजर्षी शाहूंनी रोममध्ये पाहिलेल्या रचनेतून उतार घेतला, हिंसा आणि उतरंड बाजूला ठेवली आणि खासबाग उभारले. शेजारी नाट्यगृह बांधले. आणि त्याच काळात शाळा, कचेरी व पाणवठा येथील जागा कायद्याने खुल्या केल्या.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘थिआट्रॉन’, ‘प्रेक्षागृह’ आणि ‘रंग’ या शब्दांच्या अर्थांवरून नाट्यवास्तूविषयी कोणते निष्कर्ष काढता येतील?

२. कलोझियम आणि खासबाग मैदान यांतील साम्य व भेद तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘जागा’ या मराठी शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे राजर्षी शाहूंच्या कार्याचे विवेचन करा.

४.१० क्षेत्रीय कार्य

येत्या जत्रेत तुमच्या गावच्या दशावताराला जा. नाटक सुरू होण्यापूर्वी एक कागद घ्या आणि देऊळ, पडदा, बाकडे, वादक व प्रेक्षक यांच्या जागा दाखवणारा आराखडा काढा. पुढे कोण बसले आहे, मागे कोण, बायका कोठे आहेत, मुले कोठे, उभे कोण आहे आणि का, याची नोंद करा. गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला विचारून त्यांच्या लहानपणी हीच आसनव्यवस्था कशी होती, तेही लिहून ठेवा. दोन्ही आराखडे शेजारी ठेवून काय बदलले आणि काय बदललेले नाही, यावर दोन पाने लिहा. संकासुराची एंट्री होईपर्यंत हे काम उरकावे. त्यानंतर तुमचे लक्ष कागदाकडे राहणार नाही.